पत्र्याखालची साळुंकी: एकच पिल्लू दोनदा जमिनीवर, दोन्ही वेळचा निर्णय वेगळा

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन. परभणी जिल्ह्यात सेलूकडचा एक आखाडा, म्हणजे शेतावरचं गुरांचं आणि राहायचं ठिकाण. लोखंडी अँगलवर पन्हाळी पत्रे टाकलेलं शेड, तोंड पश्चिमेला. आत दोन बैल, एक गाय, कडेला कडब्याची गंजी. नऊ-दहा फुटांवर, पत्रा आणि अँगल यांच्या फटीत साळुंकीचं घरटं. पारा ४२-४३ वर. गव्हाणीशेजारी एक पिल्लू पडलेलं दिसतं आणि तासाभरात आणखी दोन. पहिल्याला मुंग्यांनी गाठलेलं, ते मेलेलं. दुसरं आणि तिसरं जिवंत. चौथं अजून वरच आहे, त्याचा आवाज येतो.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत मराठवाड्यातल्या आखाड्यांवर, शाळांच्या पडव्यांत, जिनिंगच्या गोदामांत थोड्याफार फरकानं हेच घडतं. म्हणून त्यात काय केलं जातं, त्यातलं काय अंगलट येतं आणि काय करायला हवं होतं, हे सगळं एकत्र मांडलं आहे. पक्ष्यांच्या पिल्लांबद्दलचे बरेच सल्ले थंड हवेच्या मुलखात लिहिलेले असतात. त्यात पहिली ओळ असते ती पिल्लाला ऊब द्या ही. परभणीत मे महिन्याच्या दुपारी ती ओळ पाळली तर पिल्लू हातात मरतं.

पिल्लं पडली कशी, हे आधी

पिल्लू दिसलं की सगळ्यांचा हात आधी वाटीकडे जातो. त्याआधी वर बघायचं. घरटं कुठं आहे आणि पिल्लू खाली का आलं, याचं उत्तर मिळालं की पुढचा निम्मा निर्णय आपोआप होतो.

इथं कारण पत्रा आहे. साळुंकी मूळची झाडाच्या ढोलीत घरटं करणारी. ढोलीचं जाड लाकूड आत ऊन पोचू देत नाही. ढोल्या असलेली जुनी झाडं कमी झाली आणि शेडं वाढली, तशी ती पत्र्याखालच्या फटीत शिरली. अंडी लवकर घातली तर पिल्लं ऐन तापाच्या आधी मोठी होतात. उशिरा घातली की पिल्लांची वाढ आणि उन्हाचा कळस एकाच वेळी येतो. दुपारी एक ते चार या वेळात फटीत हात घातला तर पत्र्याचा चटका बसतो, आणि त्याच पत्र्याखाली चार इंचांवर पिल्लं. त्यांना घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची म्हणजे चोच वासून धापायचं, अंगापासून पंख लांब धरायचे आणि कडेला, वाऱ्याच्या बाजूला सरकायचं. सरकता सरकता तोल जातो. म्हणजे आईनं ती ढकलली नाहीत की मांजरानंही ओढली नाहीत. ती गरमीनं बाहेर आली. आणि तसं असेल तर त्याच फटीत दुपारी अडीचला परत ठेवलं तर अर्ध्या तासात पुन्हा खाली.

कारण वेगळं असतं तर उपायही वेगळा. अवकाळी वाऱ्यात फांदी मोडून घरटं पडलं, तर तेच घरटं टोपलीत घालून त्याच झाडाला बांधायचं. मांजरानं तोंडात धरून आणलं, तर जखम दिसो न दिसो, गाठायचा तो दवाखानाच. मांजराच्या लाळेतले जिवाणू एवढ्याशा ओरखड्यातून रक्तात जातात आणि पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. त्याला वेळेत अँटिबायोटिक लागतं आणि ते पशुवैद्यानंच द्यायचं.

पहिल्या अर्ध्या तासात घरच्यांनी काय केलं

तिसऱ्या पिल्लावर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याला घरात कूलरसमोर ठेवलं. मग बिनसुईच्या सिरिंजनं चोचीत साखरपाणी सोडलं. दुसऱ्याला दुधात पाव कुस्करून दिला, त्यानं दोन घास गिळले आणि पुढचे थुंकले. तोवर घरातल्या आजीचा निकाल झालेला होता: "माणसाचा हात लागला म्हणल्यावर आता साळुंकी घेती का त्याला? टाकून देती."

यातलं प्रत्येक काम मायेपोटी झालेलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येकच चुकलेलं आहे. सर्वांत महाग पडली ती सिरिंज.

पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, अगदी समोर असतं. पिल्लाची चोच हळूच उघडून पाहिली तर जिभेमागे उघडझाप करणारी बारीक चीर दिसते, ती हीच. आई घास देते तो त्या चिरेच्या पलीकडे, घशात खोलवर. सिरिंजमधून किंवा चमच्यानं सोडलेलं पाणी जिभेवर पडतं आणि धापणारं पिल्लू ते श्वासाबरोबर आत ओढतं. तिसऱ्या पिल्लाच्या छातीतून दहा मिनिटांत बारीक टिकटिक आवाज यायला लागला. नाकपुडीवर बुडबुडा आला. पाणी फुप्फुसात गेल्याची ही खूण. यावर घरी इलाज नाही. उलटं धरून झटकणं, छाती दाबणं यानं उरलेला जीवही जातो. सरळ, शांत, सावलीत ठेवून दवाखान्यात नेणं एवढंच हातात राहतं. परभणीत आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. बाकी ठिकाणी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. हे पिल्लू रात्रीतून गेलं. गरमीनं ते मेलं नसतं.

अंगावर पाणी ओतण्यानं दुसरा घोळ होतो. या वयात पिसं नळीतून नुकती बाहेर येत असतात, ती भिजली की अंगाला चिकटतात. त्यावर कूलरचा झोत आला की उघडी कातडी भराभर थंड पडते. काही मिनिटांपूर्वी उष्णतेनं धापणारं पिल्लू आता थंडीनं आखडतं. दुधाचं सांगायचं तर पक्ष्यांच्या पोटाला दूध पचवता येत नाही. हगवण लागते आणि आधीच पाणी कमी असलेलं पिल्लू आणखी सुकतं. पाव नुसतं पोट भरतो.

आणि आजीचा निकाल. हा समज गावोगाव आहे. पिल्लांना हात लावू नये यासाठी तो उपयोगी असेलही, पण खरा नाही. साळुंकी, चिमणी, बुलबुल हे पक्षी पिल्लू ओळखतात ते त्याच्या आवाजावरून, वासलेल्या रंगीत चोचीवरून आणि जागेवरून. माणसाच्या हाताच्या वासानं आई पिल्लू टाकत नाही. याच एका समजापायी परत ठेवता येणारी कितीतरी पिल्लं घराघरात खोक्यांमध्ये मरतात.

करायला हवं होतं ते

आधी सावली, मग तपासणी, मग परत ठेवण्याची तयारी. खाणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही गरज पडली तरच.

थंडाव्यासाठी आखाड्यावरची सर्वांत चांगली जागा म्हणजे रांजणाजवळची मातीची जमीन. बुटाचं खोकं घ्यायचं, झाकणाला पेन्सिल जाईल एवढी दहा-बारा भोकं, तळाला सुती फडक्याची दुमडलेली घडी. त्यात फडक्याचीच चुंबळ करून पिल्लू मध्ये बसवायचं, म्हणजे पाय पोटाखाली राहतात. खोक्याच्या बाहेरून ओलं गोणपाट. आत ओल नको. पिल्लू फार धापत असेल तर बोट पाण्यात बुडवून त्याच्या पायांना आणि पोटाच्या उघड्या कातडीला दोन-तीनदा लावायचं, पाठ भिजवायची नाही. पंधरा-वीस मिनिटांत चोच मिटते, पंख अंगाशी येतात. या वयाच्या पिल्लाला तिशीच्या जरा वरचं तापमान पुरतं. मे महिन्याच्या दुपारी रांजणाजवळ तेवढं आपसूक असतं, वेगळी ऊब द्यायला नको. अवकाळी पावसात भिजलेलं पिल्लू असेल तर मात्र गणित उलटतं: कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं.

चोच मिटल्यावर तपासणी, दोन मिनिटांत. जास्त वेळ हाताळलं की त्याची धडधड वाढते. बघायचं ते असं. दोन्ही पंख सारखे लोंबतात का, की एक खाली आहे. पाय बोट धरतात का. कातडीखाली हवेचा फुगा आहे का. पडण्यानं आतली हवेची पिशवी फाटली की मान किंवा बगल फुग्यासारखी दिसते, तो घरी सुईनं फोडायचा नाही. तोंड आतून ओलं आहे की चिकट. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सपाट होते की सुरकुती तशीच राहते. शेवटी कानाची भोकं, बगला आणि शेपटीखालची जागा: इथं माश्या अंडी घालतात, तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसतात. ते चिमट्यानं किंवा ओल्या कापसानं तिथल्या तिथं काढायचे, कारण एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात.

साळुंकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये: पाय. साळुंकी घरट्यात वाट्टेल ते नेते. चिंध्या, प्लास्टिक, सापाची कात, खताच्या पोत्याची नायलॉन सुतळी. ही सुतळी पिल्लाच्या पायाला गुंडाळते आणि पाय जाड होतो तशी आत रुतते. दुसऱ्या पिल्लाच्या डाव्या पायाला, घोट्याच्या वर, पोत्याचा हिरवा धागा दोन वेढे पडलेला होता. खालचा पंजा सुजून जांभळट झालेला, पण गरम होता. गरम आहे म्हणजे रक्त चालू आहे. असा धागा ओढायचा नाही, ओढला की वेढा आवळतो. खोबरेल तेलाचा एक थेंब, मग नखं कापायच्या बारीक कात्रीचं टोक धागा आणि कातडी यांच्या मधून घालून एकेक वेढा कापायचा. पंजा काळा, थंड आणि कोरडा पडला असेल तर धागा कापून भागत नाही, तो पशुवैद्याचा विषय.

वय काढणं

डोळे उघडे, अंगभर सुयांसारख्या नळ्या, पाठीवरच्या काही नळ्यांची टोकं फुटून कुंचल्यासारखी झालेली, पोट उघडं, चोचीच्या कडेला पिवळी मऊ किनार. उभं राहता येत नाही, टाचांवर बसतं. म्हणजे साधारण बारा दिवसांचं. साळुंकीचं पिल्लू घरट्यात तीन आठवडे, कधी थोडं जास्त राहतं. याचा अर्थ या पिल्लाला अजून आठ-दहा दिवस घरटं हवं. त्याला झुडपात ठेवून भागणार नाही.

ही ओळख सगळ्या पिल्लांना लागू पडत नाही, हे इथंच सांगितलेलं बरं. टिटवी, तित्तर, मोर यांची पिल्लं अंड्यातून येतात तीच लव घेऊन, डोळे उघडे ठेवून, आणि काही तासांत पायावर पळतात. नांगरटीत टिटवीचं ठिपकेदार पिल्लू एकटं बसलेलं दिसलं आणि वर टिटवी ओरडत फिरत असली, तर ते हरवलेलं नाही. आईच्या हाकेवर ते दबून बसलेलं आहे. ट्रॅक्टर चालूच असेल तर ते उचलून पंधरा-वीस पावलांवर, आईला दिसेल अशा बाजूला ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. ते घरी आणणं म्हणजे सरळ चोरी.

दुसरं घरटं

मूळ घरटं हाच नेहमी पहिला पर्याय. इथं तो उन्हानं बाद केला. पत्र्यावर बारदान आणि उसाचं पाचट टाकून फट थंड करता येते, पण भर दुपारी पत्र्यावर चढणं शहाणपणाचं नाही आणि पत्रा निवायला तास-दीड तास जातो. म्हणून पेटी. मे महिन्यात आंब्याची लाकडी पेटी कुठंही मिळते. तिच्या फळ्यांतून आतून सहा इंच लांब, सहा इंच रुंद, एक फूट उंच असा खोका ठोकता येतो. पुढच्या फळीला तळापासून सात-आठ इंचांवर दोन ते सव्वादोन इंची गोल भोक. पुढच्या फळीची आतली बाजू करवतीनं आडवी खरवडायची, नाहीतर मोठं झाल्यावर पिल्लाला गुळगुळीत फळीवरून भोकापर्यंत चढता येत नाही आणि ते आतच अडकतं. तळाला चार बारीक भोकं पाणी निघायला, वर एका बाजूनं उघडणारं झाकण. कुठंही खिळ्याचं टोक आत आलेलं नको.

तेलाचा पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बादली किंवा बरणी, पुठ्ठ्याचं खोकं यांतलं काही वापरू नये. पहिली दोन तापतात, तिसरं पहिल्या वळवाच्या पावसात लगदा होतं. वेळच नसेल तर मातीचं जुनं मडकं आडवं बांधून काम निघतं, पण त्याचं तोंड फळकुट आणि तारेनं निम्मं झाकावं लागतं.

आत तीन-चार इंच वाळलेलं गवत आणि कडब्याची मऊ पानं. कापूस नको, त्याचे तंतू नखांत गुंततात. लाकडाचा भुसा नको, तो नाकातोंडात जातो. जुन्या घरट्यातलं मूठभर गवत वर घालायचं, त्यातले धागे, प्लास्टिक, मेलेलं पिल्लू काढून. जुनं घरटं बारीक तांबड्या गोचीडासारख्या किड्यांनी भरलेलं असेल तर मूठभरही नको.

जागा: जुन्या फटीपासून चार-पाच फूट, शेडच्या पूर्वेकडच्या बाजूला, जिथं दुपारनंतर कडुलिंबाची सावली आहे. उंची नऊ फूट. भोकाचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, पश्चिमेला कधीही नाही. अँगलला तारेनं बांधताना तारेवर चार बोटं ग्रीस लावलं की मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांसाठी विषारी खडू, पावडर, शेतातलं कीटकनाशक यांतलं काहीही पेटीला लावायचं नाही. पेटीच्या आत ते पिल्लांच्या कातडीला लागतं.

मग चौथं पिल्लूही वरून काढून दुसऱ्याबरोबर पेटीत ठेवायचं. हे अनेकांना खटकतं, चांगलं बसलंय ते कशाला हलवायचं. पण एक पिल्लू जुन्या फटीत ओरडत राहिलं तर आई तिथंच जाते आणि पेटीतलं उपाशी राहतं. आईला दोन पत्ते द्यायचे नाहीत. जुनी फट बारदानाच्या बोळ्यानं तेवढ्यापुरती बंद. पिल्लं ठेवली की दुसऱ्या हातानं दोन मिनिटं भोक झाकायचं, म्हणजे अंधारात ती बसतात.

वाट बघणं

यात खरी कसोटी. पेटी चारला लागली, तर पाचपर्यंत काहीच होणार नाही असं धरून चालावं. भर उन्हात साळुंक्याही सावलीत बसतात, दुपारी त्यांच्या फेऱ्या कमी होतात. दुपारी दोन ते चार बघून "आई फिरकत नाही" हा निष्कर्ष काढला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. नजर ठेवायची ती साडेचारनंतर, निदान पन्नास फुटांवरून, गंजीच्या आडून. पेटीखाली खाट टाकून बसलं तर साळुंकी येणारच नाही.

ती चोचीत टोळ किंवा अळी घेऊन आधी जुन्या फटीकडे जाते. तिथं बारदान बघून चिडते, पत्र्यावर नाचते, कचकच करते. पिल्लांची भुकेची चिरचिर ऐकली की पेटीवर येऊन बसते, भोकात डोकावते, उडून जाते. असं तीन-चार वेळा. मग आत शिरते. एकदा घास गेला की पुढं अडत नाही. नर-मादी दोघंही भरवतात, आणि बाहेर येताना चोचीत पांढरी पिशवी दिसली म्हणजे विष्ठा साफ करणं सुरू झालं. यापेक्षा पक्की खूण नाही. या पेटीत पावणेसहाला पहिला घास गेला.

अंधार पडेपर्यंत कोणीच आलं नाही, तर पिल्लं खाली घ्यायची, एकदा भरवायची, रात्री खोक्यात अंधारात ठेवायची आणि पहाटे उजाडता उजाडता परत पेटीत. सकाळी सहा ते नऊ ही भरवण्याची सर्वांत धामधुमीची वेळ. तेव्हाही नऊपर्यंत कोणी फिरकलं नाही तरच पिल्लं पोरकी समजायची. त्यानंतर वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ किंवा तालुक्याचं वनपरिक्षेत्र कार्यालय. साळुंकी कितीही ओळखीची असली तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तिलाही लागू आहे, आणि या कायद्यानं वन्यजीव ताब्यात आला तर ४८ तासांत कळवायचं असतं. पिंजऱ्यात ठेवून बोलायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

भरवावंच लागलं तर

वन विभागाकडे सोपवेपर्यंतचे काही तास किंवा एखादा दिवस, एवढ्यापुरतं हे आहे. साळुंकीचं पिल्लू किड्यांवर वाढतं, म्हणून त्याला मांसाहारी घास लागतो. मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाद्य एक भाग, पाणी दोन भाग, अर्धा तास भिजवायचं. दाबल्यावर स्पंजसारखं व्हावं, पाणी ठिबकू नये. खेड्यात ते मिळालं नाही तर उकडलेलं अंडं, पिवळ्या बलकासह कुस्करून, त्यातच अंड्याच्या टरफलाची चिमूटभर वस्त्रगाळ पूड. शेतातले टोळ मिळाले तर पाय आणि डोकं काढून द्यावेत, पण फवारणी झालेल्या रानातले नकोत. नुसत्या खिम्यावर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडून आठवड्यात पाय वाकतात. भात, पोळी, शेव, बिस्किट नाहीच.

बारा दिवसांचं पिल्लू साठ-सत्तर ग्रॅमचं भरतं. एका वेळी दोन-तीन ग्रॅम, म्हणजे भिजलेल्या हरभऱ्याएवढे चार-पाच घास, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर पाऊण तासानं. रात्री नाही. बोथट चिमटा किंवा आइस्क्रीमची काडी घासून निमुळती करायची, पिल्लानं चोच वासली की घास त्याच्या उजव्या बाजूनं मागं ठेवायचा. वेगळं पाणी द्यायचं नाही, ते घासातून जातं. चोच वासत नसेल तर खोक्यावर टिचकी मारायची, आई येऊन बसल्याचा हादरा त्याला ओळखीचा असतो. तरीही वासत नसेल तर ते गार तरी आहे, सुकलेलं तरी, किंवा आजारी. जबरदस्तीनं चोच उघडून भरवणं हा यातल्या कशावरही उपाय नाही.

हात आधी-नंतर साबणानं धुवायचे आणि पिल्लू कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांब. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, ते या भागात सगळ्यांच्या लक्षात आहे. एकाच जागी बरेच मोठे पक्षी मेलेले दिसले तर ते प्रकरण पिल्लाचं नव्हे. हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

दहा दिवसांनी, दुसऱ्यांदा

पेटीतली दोन्ही पिल्लं वाढली. धागा कापलेला पाय जरा तिरका राहिला, पण पकड आली. आणि बाविसाव्या-तेविसाव्या दिवसाच्या सुमाराला तेच पिल्लू पुन्हा जमिनीवर, या वेळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाशेजारी. मुलांनी ते पुन्हा उचललं, पुन्हा खोकं काढलं. एकानं उडतंय का बघायला दोनदा हवेत फेकलं.

आता चित्र पूर्ण वेगळं आहे. अंग तपकिरी पिसांनी झाकलेलं, शेपटी बोटभर आखूड, डोळ्यामागं पिवळी कातडी दिसायला लागलेली. पायावर उभं राहतं, टुणटुण उड्या मारतं, बोट घट्ट धरतं. चोचीची पिवळी किनार मात्र अजून आहे, आणि तीच बघून लोक फसतात. हे पडलेलं पिल्लू नाही. हे घरटं सोडलेलं पिल्लू आहे. पहिले काही दिवस त्याला नीट उडता येत नाही आणि यायची अपेक्षाही नसते. ते झुडपात, ढिगाआड, कुंपणात बसतं, आई-बाप आवाजावर शोधत येऊन भरवतात. हे पुढं कित्येक दिवस चालतं. पेटीत परत कोंबलं तर पाच मिनिटांत बाहेर येईल. घरात ठेवलं तर कोणता किडा कसा उकरायचा, कशाला भ्यायचं, हे आईकडून शिकायचे दिवस वाया जातात.

हवेत फेकून बघणं तर अजिबात नको. पंखांची पिसं पूर्ण वाढलेली नसतात, पिल्लू छातीवर आदळतं. छातीचं मधलं हाड मोडलं किंवा आत रक्त साकळलं तर बाहेरून काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ते मेलेलं सापडतं आणि दोष उन्हाला जातो.

या वेळी करायचं ते दहा मिनिटांचं काम आहे. पिल्लू जिथं सापडलं तिथून दहा-पंधरा फुटांच्या आत, जमिनीपासून तीन-चार फुटांवर, दाट सावलीच्या फांदीवर बसवायचं. कुत्रं तीन-चार दिवस दावणीला, मांजर दिवसा घरात. मांजर बांधून राहत नाही हे खरं, पण सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात एवढं कोंडलं तरी बराच धोका टळतो. मुलांना "हात लावू नका" सांगून उपयोग होत नाही. त्यांना आई किती वेळा येते ते लांबून मोजायला बसवलं की ती तिथंच खिळतात आणि राखणही होते.

पंख लोंबत असेल, एका पायावर कललं असेल, डोळे मिटून पिसं फुगवून भर दिवसा बसलं असेल किंवा मांजरानं धरलेलं असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तेव्हा खोकं, सावली आणि दवाखाना.

शेडचं काय

साळुंकी एका हंगामात पुन्हा अंडी घालते, बहुतेक त्याच जागी. म्हणून पिल्लं गेल्यावर आठवडाभर वाट बघून पेटी उघडायची, जुनं गवत काढून जाळायचं, पेटी दोन दिवस कडक उन्हात तापवायची आणि नवं गवत न घालता परत त्याच जागी बांधायची; घालायचं ते साळुंकी स्वतः आणते. जुनी फट आता कायमची बुजवायला हरकत नाही, मात्र आत हात घालून रिकामी असल्याची खात्री करूनच, कारण अशाच फटींत चिमण्याही असतात. पत्र्यावर वरून चुन्याचा दाट हात आणि त्यावर वीतभर पाचट, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं आवळलेलं. वणव्याची भीती असेल तिथं पाचटाऐवजी ओलं करता येतील अशी बारदानं. यानं खालची गरमी चांगलीच उतरते, आणि खरं तर ते बैलांसाठी आधीच व्हायला हवं होतं.